५० जणांच्या ऑफिसात अ‍ॅस्टरिस्क (संगणकावर चालणारं टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) व्हॉइसमेलसाठी केवढी डिस्क घ्यावी?

३२ जीबीची एसएसडी पुरून उरते. साधी वॅव्ह फाइल (८ किलोहर्ट्झ, १६ बिट) मिनिटाला जेमतेम १ एमबी खाते. प्रत्येक मेलबॉक्समध्ये १०० निरोप, प्रत्येकी २ मिनिटांचे धरले तरी सगळं १० जीबीच्या आत. मात्र कॉन्फिग फाइलमध्ये ‘फॉरमॅट’च्या ओळीत तीन प्रकार असतील तर तोच निरोप तीनदा साठतो; एकच ठेवा. खरी डोकेदुखी अ‍ॅनालॉग लाइनची: समोरच्याने फोन ठेवला तरी संगणकातल्या टेलिफोन कार्डाला ते अनेकदा कळत नाही आणि एंगेज टोनच रेकॉर्ड होत राहतो. टोन म्हणजे शांतता नव्हे, त्यामुळे ‘मॅक्ससायलेन्स’ (ठराविक शांततेनंतर रेकॉर्डिंग थांबवणारी सेटिंग) तिथे हमखास कामी येईल असं नाही. ‘बिझीडिटेक्ट’ (एंगेज टोन ओळखून कॉल तोडणारी सेटिंग) चालू करा, निरोपाची कमाल लांबी १८० सेकंदांवर बांधा. एसआयपी ट्रंकवर (इंटरनेटवरून येणाऱ्या फोन लाइनवर) हा त्रास नसतो.