वाचक विचारतात : लाल तोंडाचा देव, चिनी कौल आणि पायताण

प्रश्न : फाउंड्रीच्या मशिनरीसाठी चीनला जाणं होतं. तिथला मालक म्हणतो, ‘आम्ही धर्म मानत नाही’ आणि ऑफिसात लाल तोंडाच्या, लांब दाढीच्या देवापुढे उदबत्ती! हे काय गौडबंगाल? (शिरोली एमआयडीसी)

उत्तर : घोळ शब्दाचा आहे. ‘झोंगजिआओ’ हा चिनी शब्द ‘धर्म’ या अर्थाने रुळून जेमतेम सव्वाशे वर्षं झाली, तोही जपानीच्या वाटेने. तो ऐकला की डोळ्यांपुढे येतात ते सरकारमान्य पाच : बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रोटेस्टंट. यांपैकी कशातच रीतसर नाव नसलेला माणूस सरळ ‘नाही’ म्हणतो. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद असेल तर त्याला नास्तिक असणं बंधनकारकच. घरचे पितर, चुलीचा देव, दुकानातला देव ही त्याच्या लेखी नुसती रीत.

तुम्ही पाहिलात तो ग्वान यू. इ. स. २२०च्या सुमारास मारला गेलेला सेनापती, दिल्या शब्दाला जागणारा म्हणून पुढे देव झाला. उधारी आणि भागीदारी शब्दावरच चालते, त्यामुळे व्यापाऱ्यांनी त्याला उचललं. त्याच्याच शान्शी प्रांतातले व्यापारी त्याला गावोगाव घेऊन गेले. हाँगकाँगात तर पोलीस आणि गुंड दोघेही त्यालाच भजतात! मूर्तीचं तोंड बहुधा दाराकडे असतं. समोर वाट अडवून उभं राहू नका.

प्रश्न : आमच्याकडे देवाला कौल लावतात. तसं तिकडे काही आहे का? (आजरा)

उत्तर : आहे, विशेषतः फूजिआन आणि तैवानकडे. मात्र मूर्तीला कळ्या चिकटवत नाहीत. अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे असतात, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. ओंजळीत धरून नाव, जन्मतारीख, पत्ता सांगायचा, प्रश्न विचारायचा आणि ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर वर आला तर उजवा कौल. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर देव हसला : प्रश्नच नीट नाही, पुन्हा मांडा. मोठ्या कामाला सलग तीन होकार लागतात. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं तर हे आठांत एकदा जमायचं, म्हणून लोक बराच वेळ टाकत बसलेले दिसतात. नवखा माणूस चुकतो तो इथे : ‘शेत विकू की ठेवू?’ असं विचारतो. ‘विकू का?’ एवढंच विचारायचं, कारण ठोकळ्यांना हो-नाहीच कळतं.

प्रश्न : चिनी पाहुण्यांना कोल्हापुरी चप्पल भेट द्यावी का? (राजारामपुरी)

उत्तर : विचारून द्या. ‘पायताण’ या अर्थाचा चिनी शब्द ‘शिए’. अनिष्ट, अभद्र यालाही उच्चार तोच, म्हणून जुन्या वळणाचे लोक कचरतात. भिंतीवरचं घड्याळ तर नकोच : ‘घड्याळ देणे’ आणि ‘मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणे’ यांचा उच्चार एकच. हुपरीच्या चांदीची छोटी वस्तू चालेल. जोडी द्या, चार नग मात्र नकोत. ‘चार’ आणि ‘मरण’ तिकडे सुराच्या फरकानेच वेगळे ओळखू येतात.