नावं भरपूर, येणारे मोजके

प्रश्न: नमस्कार ताई, बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी व्हॉलंटियर्सचं काम बघते. ग्रुपवर नावं भरपूर येतात पण ऐन वेळी निम्मे गायब, जे येतात त्यातले काही फोटो काढत बसतात, आणि एका मुलाने तर परस्पर एका काकांना 'तुमची राहायची सोय करतो' असं सांगून टाकलं, आता ते काका दर वेळी आम्हाला विचारतात. बोलावं तर सगळे बिनपैशाचं काम करतायत. काय करू?

उत्तर: आधी काकांकडे जा, बाकीचं नंतर. तुम्ही स्वतः जा आणि सरळ सांगा की ती सोय आमच्या हातात नाही, हातात काय आहे तेही सांगा, म्हणजे शेल्टरमध्ये नाव नोंदवणं, कागदपत्रं काढून देणं वगैरे. अशा लोकांना शब्द देणारे खूप भेटलेले असतात, आणि अजून एक शब्द फुकट गेला की उद्या तुम्ही दवाखान्यात चला म्हणालात तरी ते येणार नाहीत.

आता न येणाऱ्यांचं. 'जमेल तसं या' म्हटलं की कोणालाच जमत नाही, कारण आपण नसलो तर काही अडेल असं वाटतच नाही. त्यापेक्षा थोडंच मागा पण पक्कं मागा: ठरलेला वार, दोन-तीन तास, दोन महिने. आदल्या दिवशी ग्रुपवर नको, प्रत्येकाला वेगळा मेसेज टाका, आणि बदलीला दोघंतिघं तयार ठेवा. यादी निम्मी होईल, होऊ द्या! तेच चेहरे परत परत दिसले की मगच समोरचा माणूस पायाची जखम दाखवतो, रोज नवा माणूस आला तर कशाला दाखवेल.

फोटो पूर्ण बंद, पाठमोरासुद्धा नाही. नुसता नियम सांगू नका, कारण सांगा, मारहाणीला कंटाळून घर सोडलेली एखादी बाई तिथे असू शकते आणि त्या फोटोवरून तिचा पत्ता लागू शकतो. हे कळलं की लोक आपणहून फोन खिशात ठेवतात. तसंच झोपलेल्या माणसाला हात लावून उठवायचं नाही, पायाकडून थोडं लांब उभं राहून हाक मारायची, नको म्हणाला तर पुढे जायचं. त्याचं अंथरूण म्हणजे त्याचं घर आहे, विचारल्याशिवाय टेकायचं नाही. आणि एकट्याने कोणी जायचं नाही, कायम जोडीने.

'तो तर पितो, त्याला कशाला मदत' असं कोणीतरी म्हणणारच. त्यांना हाउसिंग फर्स्टबद्दल सांगा. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी दारू सोडायची अट न घालता आधी घर द्यायला सुरुवात केली, उपचार नंतर. फिनलंडने २००८ पासून हेच सरकारी धोरण केलं आणि तिथे वर्षानुवर्षं बेघर असलेल्यांची संख्या बरीच कमी झाली.

शिफ्ट संपल्यावर लगेच पांगू नका, दहा मिनिटं बोला, कोण आजारी दिसलं, कोण बरेच दिवस दिसलं नाही ते लिहून ठेवा. काही गोष्टी बघून नवीन मुलं हादरतात आणि न बोलता यायची बंद होतात, तेही इथेच कळतं.

आणि त्या मुलाला काढू नका, कळवळ्यानेच बोललाय तो. एखाद्या जुन्या माणसाबरोबर त्याची जोडी लावा, तरी परत तसंच झालं तर त्याला सामान लावायचं काम द्या.