10 टक्के डिसॅबिलिटी असली तरी आर्मीचं रिसॉर्ट मिळतं!

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर यूएस आर्मीत सहा वर्षं होते, पेन्शनवाले रिटायर नाहीत, व्हीएचं (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचं) डिसॅबिलिटी रेटिंग जेमतेम 10 टक्के, त्यामुळे ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधलं आर्मीचं रिसॉर्ट, शेड्स ऑफ ग्रीन, आपल्याला मिळणारच नाही. अहो मिळतं! 1 जानेवारी 2020 पासून नियम बदललाय. आधी 100 टक्के लागायचे, आता आर्मीच्या नोकरीमुळे आलेली डिसॅबिलिटी कितीही टक्के असू दे, चालते. आमच्या ह्यांचं 30 आहे आणि नियम बदलल्यावरही आम्ही दोनदा बाहेरच्या हॉटेलात पैसे घातले, कारण कोणी सांगितलंच नाही, म्हणून एवढं कळकळीनं लिहितेय. व्हीएचं हेल्थ आयडी कार्ड तेवढं आधी काढून ठेवा.

आणि दुसऱ्या कोणा सैनिकाचा हक्क खातोय असं मनात आणू नका. हॉटेल आर्मीचं असलं तरी ते स्वतःच्या कमाईवर चालतं. भाडं हुद्द्याप्रमाणे, खालच्या हुद्द्याला कमी, हे मला फार योग्य वाटतं.

सासूसासरे साताऱ्याहून येणार तर शेड्सच घ्या. साध्या खोलीतही दोन क्वीन बेड आणि सोफा-बेड असतो, म्हणजे तुम्ही दोघं, मुलगी आणि ते दोघं असे पाचजण एकाच खोलीत मावता. हॉटेल डिस्नेच्या आवारातच आहे, आर्मीनं ते 1994 ला भाड्यानं घेतलं आणि 1996 ला विकतच घेतलं. डिस्नेच्या पार्कात नेणाऱ्या मोनोरेलपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं, पण आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखायचे म्हणून आम्ही हॉटेलची बसच धरायचो, आणि दुपारी त्यांना खोलीवर आणून झोपू द्यायचं, संध्याकाळी परत जायचं, बाहेर लांब राहिलो असतो तर हे जमलंच नसतं.

एक मात्र आधीच सांगते, डिस्नेच्या पार्कचं मिलिटरी सॅल्यूट नावाचं सवलतीचं तिकीट वेगळं. ते सध्या नोकरीत असलेल्यांना, रिटायर झालेल्यांना आणि 100 टक्के कायमच्या डिसॅबिलिटीवाल्यांनाच, तेव्हा तिकिटांचा खर्च धरूनच हिशोब करा.

समुद्र हवा असेल तर हवाईत वायकिकीला आर्मीचंच हाले कोआ हॉटेल आहे, अगदी बीचवर, तुम्हाला तेही मिळेल. जर्मनीतल्या गार्मिशचं आर्मीचं एडलवाइस हॉटेल मात्र परदेशात आहे, तिथे त्या देशाशी झालेल्या कराराप्रमाणे नियम लागतात, त्यामुळे विमानाची तिकिटं काढायच्या आधी हॉटेलला फोन करून तुमच्या कार्डावर खोली देतात का ते विचारा. आणि नाताळच्या सुट्टीत जायचं असेल तर सासूसासऱ्यांच्या व्हिसासाठी थांबू नका, खोली आत्ताच धरा, फक्त कॅन्सल करायची मुदत काय ते बुकिंग करतानाच विचारून घ्या.