सह्यांच्या मोहिमेआधी केट शेपर्ड समजून घे

प्रिय मैत्रिणीस,

सह्यांची मोहीम काढायची म्हणतेस आणि आदर्श म्हणून न्यूझीलंडमध्ये बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढलेल्या केट शेपर्डचं नाव घेतेस, म्हणून लिहिते. तिच्याबद्दल वाचताना बहुतेकांची नजर न्यूझीलंडच्या संसदेत उलगडलेल्या सह्यांच्या त्या २७० मीटरच्या भेंडोळ्यावरच खिळते. तुझ्या कामाचं आहे ते त्याच्या आधीचं.

लिव्हरपूलमध्ये जन्मलेली ही बाई १८६९ मध्ये आई आणि भावंडांबरोबर न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला आली. १८८५ मध्ये तिथे दारूबंदीसाठी झटणारा ख्रिस्ती महिला संघ उभा राहिला, त्यात ती होती. (हा ज्या जागतिक संघाचा भाग होता, त्याच्याशी आपल्या पंडिता रमाबाईही जोडलेल्या होत्या.) १८८७ पासून मताधिकाराचं काम तिच्याकडे आलं. संघाच्या शाखा गावोगाव होत्या, त्यामुळे कागद घेऊन फिरणाऱ्या बायका आयत्या मिळाल्या. तेव्हा अर्ज छापायला टाकण्याआधी कुठल्या गल्लीत कोण जाणार, हे नावानिशी ठरव.

एका अर्जात काम होत नाही. १८९१ मध्ये ९,००० वर सह्या झाल्या, तरी विधेयक वरिष्ठ सभागृहात दोन मतांनी पडलं. १८९२ मध्ये सह्या सुमारे २०,००० झाल्या, आणि १८९३ मध्ये सगळे अर्ज मिळून जवळजवळ ३२,०००. मुख्य अर्जाचे ५४६ कागद तिच्या क्लाइड रोडवरच्या घरी एकाखाली एक चिकटवले आणि झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळले. सहीबरोबर राहण्याचं ठिकाणही लिहून घेतलेलं. तूही नाव, पत्ता आणि सही एकाच ओळीत घे. मागणी मात्र प्रत्येक कागदाच्या डोक्यावर पूर्ण छाप. ती पहिल्याच पानावर असेल, तर बाकीच्यांनी सही कशासाठी केली, असं कुणीही विचारेल.

खोट्या सह्यांनी काय होतं, ते विरोधकांकडून शीक. दारूवाल्यांच्या बाजूचा आमदार हेन्री फिश याने पैसे देऊन माणसं फिरवली, दारूच्या गुत्त्यांत मताधिकाराविरुद्धचे अर्ज ठेवले. काही सह्या बनावट, काही फसवून घेतलेल्या निघाल्या आणि डाव अंगाशी आला. माणशी मोबदला दिला की आकडा फुगतो. रोज संध्याकाळी दहा-वीस सह्या पत्त्यावर जाऊन पडताळ.

दारूबंदी नको पण मत हवं, अशाही बायका होत्या. त्यांच्यासाठी डनीडनसारख्या शहरांत वेगळ्या मताधिकार संघटना निघाल्या. मला तर ही त्या चळवळीतली सर्वांत शहाणी चाल वाटते. तुझ्या अर्जातही मागणी एकच ठेव. दुसरी जोडलीस की अर्धी माणसं गळतील.

एवढं करूनही निकाल सह्यांवर ठरला नाही. विधेयक पडावं म्हणून पंतप्रधान सेडन यांनी वरिष्ठ सभागृहातल्या एका सदस्याचं मत फिरवलं, त्याचा राग येऊन दोन विरोधकांनी बाजू बदलली आणि ८ सप्टेंबर १८९३ ला विधेयक २० विरुद्ध १८ मतांनी पार पडलं. सह्यांनी विषय जिवंत ठेवला, म्हणून हा योग कामी आला.

१९ सप्टेंबरला कायदा झाला, २८ नोव्हेंबरला निवडणूक. मध्ये जेमतेम दहा आठवडे. तेवढ्यात १,०९,००० वर बायकांची नावं मतदार यादीत चढली, कारण शाखा मोडल्या नव्हत्या. उमेदवारीचा हक्क मात्र १९१९ मध्ये मिळाला.

तुझी मागणी मान्य झाली तर दुसऱ्या दिवशी कोण काय करणार, ते आत्ताच लिहून काढ. गल्लीवार यादीबरोबर तेही पाठव.

तुझी,
ताई