कोरा चहा, लाल चहा आणि चिन्यांचा काळा चहा

प्रश्न असा आहे: चिनी चहावरच्या इंग्रजी मजकुराचं भाषांतर करताना ‘ब्लॅक टी’ला ‘कोरा चहा’ म्हटलं तर चालेल का? आणि त्याच मजकुरात पुढे ‘डार्क टी’ आला, तर त्याला काय म्हणायचं? सोबत एक पुरवणी प्रश्नही आहे, ‘टीपॉट’ला किटली म्हणावं का, असा.

‘कोरा’ चालणार नाही. कोरा असतो तो कपातला चहा, पान नव्हे. दूध घातलं नाही की चहा कोरा, मग साखर असो वा नसो. कोकणातली ‘कोरी चाय’, बिनदुधाचा चहा, घराघरांत म्हणतात तो काळा चहा, हे सगळं याच अर्थाचं. ‘ब्लॅक टी’ मात्र पानावर काय प्रक्रिया झाली ते सांगतो. टपरीवरचा आलं-दूध घालून उकळलेला चहाही पानाच्या हिशेबाने ब्लॅक टीच असतो. उलट ग्रीन टीत कोणी दूध घालत नाही, तरी त्याला कोणी कोरा म्हणत नाही.

खरी गंमत पुढे आहे. चिनी वर्गीकरणात चहाचे सहा प्रकार आहेत: हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, लाल आणि काळा. आपण ज्याला ब्लॅक टी म्हणतो तो तिथे ‘होंग छा’, म्हणजे लाल चहा. त्यांनी नाव दिलं ते पेल्यात उतरणाऱ्या रंगावरून, इंग्रजी नाव पडलं ते वाळलेल्या पानाच्या रंगावरून. जपानीतही तो ‘कोचा’, म्हणजे लालच. आणि चिन्यांचा ‘हेइ छा’, शब्दशः काळा चहा, ही निराळीच जात आहे. चीनच्या युन्नान प्रांतातला मुरवलेला पुअर चहा, हुनान प्रांतातला विटांसारखा दाबलेला चहा हे त्यातले. ‘ब्लॅक’ हे नाव आधीच अडकलेलं, म्हणून इंग्रजीत त्याला ‘डार्क’ म्हणावं लागलं.

मग होंग छाला सरळ ‘लाल चहा’ म्हणावं का? चिनी संदर्भ स्पष्ट असेल तर जरूर. पण एरवी जपून. बंगालीत ‘लाल चा’ म्हणजे आपला कोरा चहा, आणि इंग्रजी ‘रेड टी’ बऱ्याचदा दक्षिण आफ्रिकेच्या रॉयबॉसला म्हणतात, जो चहाच्या झाडाचा नाहीच. माझ्या मते सर्वसाधारण मजकुरात ‘ब्लॅक टी’ देवनागरीत तसाच ठेवावा. चिनी चहाबद्दल लिहिताना पहिल्या उल्लेखाला ‘लाल चहा, म्हणजेच ब्लॅक टी’ अशी फोड करावी आणि पुढे ‘लाल चहा’ वापरावा. हेइ छाला नुसतं ‘काळा चहा’ लिहू नये, कारण मराठी वाचक तो कोराच समजेल.

त्याला मी ‘मुरवलेला चहा’ म्हणेन. इथे ‘आंबवणे’ आणि ‘मुरवणे’ यांत फरक करायला हवा. ब्लॅक टीसाठी पानं आधी सुकवून मऊ करतात, मग वळतात. वळताना पेशी फुटतात आणि पानातलंच विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्यांना तपकिरी करतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ते अशाच विकरामुळे. हे ऑक्सिडीकरण. जंतूंचं त्यात काम नाही. कारखान्यांत याला जुन्या सवयीने ‘फर्मेंटेशन’ म्हणतात, म्हणून भाषांतरात ‘आंबवलेला चहा’ घुसतो. तो काढून टाकावा.

मुरवलेल्या पुअरचं तसं नाही. 1973 साली युन्नानमधल्या कुनमिंगच्या कारखान्यात बसवलेल्या पद्धतीत पानांची रास घालतात, पाणी शिंपडून ती झाकतात आणि अधूनमधून उलथतात. बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव कामाला लागतात, रास आतून तापते. साधारण दीड-दोन महिने हे चालतं. रास वेळेवर उलथली नाही तर मधली पानं जळाल्यासारखी होतात. हे खरं फर्मेंटेशन, पण चहा आंबट होत नाही, म्हणून ‘मुरवलेला’. जपानच्या तोकुशिमातला आवा-बानचा मात्र लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंनी बनतो आणि चवीलाही आंबूस लागतो. तिथे ‘आंबवलेला’ अगदी चपखल बसतो.

शब्द चुकला की चहाही बिघडतो. चीनच्या आन्हुई प्रांताचा कीमून हा लाल चहा गायवानात, म्हणजे झाकण आणि बशी असलेल्या बिनकानाच्या पेल्यात, 100 मिलीला 4-5 ग्रॅम घ्यावा, 90-95 अंशांचं पाणी ओतावं आणि 10-15 सेकंदांत गाळावा. ‘कोरा चहा’ वाचून कोणी तो पाच मिनिटं उकळला तर नुसता तुरटपणा उरतो. मुरवलेल्या पुअरला उकळतं पाणीच हवं. पहिलं पाणी पाच-दहा सेकंदांत फेकून द्यायचं, मग पुढचं पाणी ओतून चहा गाळायचा. ‘काळा चहा’ म्हणून विकत घेणाऱ्याला त्याचा ओल्या मातीसारखा वास आला की माल खराब निघाला असंच वाटेल.

पुअर दाबून विकतात. 357 ग्रॅमच्या गोल आकाराला ‘केक’ऐवजी ‘चकती’ म्हणावं, ‘ढेप’ म्हटलं की गूळ डोळ्यांपुढे येतो. पानं सोडवताना सुई चकतीच्या कडेने, थरांमधून सरकवावी. वरून भोसकली तर चुरा होतो आणि चुऱ्याचा चहा कडक, कडवट उतरतो.

आता किटली. मराठीत किटली चुलीवरही चढते आणि तयार चहा घेऊन दुकानोदुकानी फिरतेही. चिनी-जपानी भांड्यांत ही कामं वेगळी आहेत. चीनमधल्या यिशिंगच्या जांभळ्या मातीचं बिनझिलईचं भांडं किंवा जपानी क्यूसू फक्त पानं भिजवण्यासाठी असतं. ती ‘चहादाणी’, तिला किटली म्हणू नये. जपानी तेत्सुबिन ही बिडाची, पाणी उकळायची, म्हणून ती किटली. घोटाळा असा की आतून एनॅमल लावलेल्या, जाळीची गाळणी बसवलेल्या बिडाच्या चहादाण्याही बाजारात तेत्सुबिन म्हणूनच विकल्या जातात. त्या गॅसवर ठेवल्या तर एनॅमलला तडे जातात आणि तिथून गंज धरतो. वर्णनात जाळी किंवा एनॅमल दिसलं तर ‘बिडाची चहादाणी’ लिहावं आणि ‘विस्तवावर ठेवू नये’ ही सूचना भाषांतरात गाळू नये.