खरेदीदाराच्या फॉर्मआधी क्रेटवरची चिठ्ठी: द्राक्षांच्या पुरवठा साखळीत माहितीचे काम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: अडीचशे द्राक्ष बागायतदारांची आपली शेतकरी उत्पादक कंपनी आहे, युरोपातील खरेदीदार पाणी, फवारणी आणि वाहतुकीतील कार्बन उत्सर्जन यांची माहिती मागतो आहे, आणि एका विक्रेत्याने ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदी नंतर गुपचूप बदलता येऊ नयेत अशा सामायिक डिजिटल नोंदवहीवर, चालणारी प्रणाली दाखवली आहे. या माहितीमुळे पुरवठा साखळी खरोखरच शाश्वत होते, की नुसते कागद वाढतात? नाशिक जिल्ह्यातील पॅकहाऊस (द्राक्षे निवडून खोक्यांत भरण्याची जागा) आणि निर्यातीची कागदपत्रे यांत मी अठरा हंगाम काढले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. माझ्या पाहण्यात दोन्ही घडले आहे. ज्याच्या हातात अजून काही करणे शिल्लक आहे, अशा माणसापर्यंत माहिती वेळेत पोचली, तर माल वाचतो. तो नासल्यावर पोचली, तर तिचा उपयोग फक्त भांडणात होतो.

आपल्या पिकाचा इतिहासच याचा चांगला दाखला आहे. २००३ मध्ये भारतातून नेदरलँड्सला गेलेल्या काही द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्यानंतर अपेडाने, म्हणजे केंद्र सरकारच्या कृषी निर्यात विकास प्राधिकरणाने, २००६ मध्ये ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांचा मागोवा घेणारी संगणक प्रणाली सुरू केली. बागेची नोंदणी कृषी विभागाकडे, प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र क्रमांक, काढणीपूर्वी त्या प्लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, या प्रयोगशाळांवर देखरेख पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची, आणि पुढे मान्यताप्राप्त पॅकहाऊस, पॅलेट व कंटेनरपर्यंत तोच धागा, अशी ही रचना आहे. यातला सर्वांत मोलाचा भाग, माझ्या मते, मागोवा घेण्याची सोय हा नाहीच. नमुना नापास झाला की त्या प्लॉटचा माल प्रणालीतच अडवला जातो, म्हणजे द्राक्षे अजून वेलीवर असतानाच निर्णय होतो. तोच दोष नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराच्या गोदामात सापडला, तर त्या प्रत्येक किलोमागे वर्षभराचे पाणी, फवारण्या, पनेट (द्राक्षे भरण्याची छोटी पेटी), खोका, शीतकरणाची वीज आणि हजारो सागरी मैलांचे इंधन वाया गेलेले असते. नासाडी टाळणे हा शाश्वततेचा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित हिशेब आहे.

मात्र याच प्रणालीची मर्यादा २०१० च्या हंगामात उघडी पडली, आणि ज्यांनी तो हंगाम पाहिला आहे ते तो विसरणार नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपल्या बागायतदारांच्या बोलण्यातले लिहोसिन, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखण्यासाठी सर्रास वापरले जात होते. त्याचे अंश वेलीत राहून पुढच्या फळात उतरतात. युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतेच. परिणामी कागदोपत्री निर्दोष ठरलेला माल युरोपात पोचल्यावर नाकारला गेला. फवारणीच्या वहीत कित्येकांनी लिहोसिन प्रामाणिकपणे लिहिले होते, हे मुद्दाम सांगतो. नोंद होती, ती वाचून तपासणीच्या यादीशी आणि युरोपच्या मर्यादेशी ताडून पाहणारे कोणी नव्हते. पुढे ते रसायन यादीत आले. आपण जी प्रणाली घ्याल तिच्याबद्दल पहिला प्रश्न म्हणूनच हा विचारा की, भरलेली माहिती कोण, कधी आणि कशाशी ताडून पाहणार आहे.

आता वेळ आणि तापमान यांविषयी, कारण खरी बचत इथेच आहे. द्राक्ष काढल्यानंतर पिकत नाही, ते फक्त उतरत जाते. दुपारी काढलेल्या घडाचे तापमान तीस अंशांच्या पुढे असते, आणि काढणीपासून साधारण सहा तासांच्या आत प्री-कूलिंग (साठवण्याआधी माल झटपट थंड करणे) झाले नाही, तर देठातले पाणी उडून तो तपकिरी पडतो. ही इजा त्या दिवशी दिसत नाही, ती तीन-चार आठवड्यांनी खोका उघडल्यावर दिसते. मी एका पॅकहाऊसमध्ये असताना (नाव घेत नाही) आवक नोंदवहीत गाडी फाटकात आल्याची वेळ काटेकोर लिहिली जाई, पण काढणीची वेळ कुठेच नसे. देठ सुकल्याच्या तक्रारी येत राहिल्या आणि आम्ही दोष शिपिंग कंपनीला देत राहिलो. एका हंगामात प्रत्येक क्रेटच्या चिठ्ठीवर काढणीची वेळ लिहायला लावली, तेव्हा कळले की बागेपासून पॅकहाऊसपर्यंतच्या प्रवासाला लागणाऱ्या वेळेपेक्षा माल आमच्याच फाटकाबाहेर जास्त वेळ थांबतो आहे. सगळे बागायतदार सकाळी एकाच वेळी काढणी सुरू करत आणि सगळे टेम्पो एकाच वेळी येत. उपाय फोनवरून झाला: आदल्या संध्याकाळी प्रत्येक बागेला काढणीची वेळ कळवायची आणि प्री-कूलिंगची खोली भरली असेल, तर पुढच्या बागेला थांबायला सांगायचे. नवीन यंत्र आले नाही, सॉफ्टवेअरही नाही. तक्रारी घटल्या आणि कामगारांची रात्री उशिरापर्यंतची धावपळही.

कंटेनरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या यूएसबी तापमान नोंदयंत्राबद्दल मात्र माझे मत फारसे चांगले नाही. ते माल पोचल्यावर वाचले जाते, तोवर जे बिघडायचे ते बिघडलेले असते. विम्याच्या दाव्यासाठी ते ठेवाच, पण त्याला गुणवत्ता नियंत्रण म्हणू नका. रीफर, म्हणजे शीतकरणाची सोय असलेल्या, कंटेनरचे तापमान प्रवासातच कळवण्याची सेवा काही शिपिंग कंपन्या देतात. जहाजावरचा अभियंता त्या आधारे यंत्र दुरुस्त करू शकतो, म्हणून जास्तीचे पैसे तिथे जरूर मोजावेत.

माहिती वेळेत मिळाल्यास काय बदलते, हे डिसेंबर २०२३ नंतर आपण सर्वांनी अनुभवले आहे. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालू लागली आणि युरोपचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. ज्या निर्यातदारांकडे प्लॉटनिहाय साखरेचे प्रमाण, मण्यांचा कडकपणा आणि काढणीआधी पाऊस लागला होता का याच्या नोंदी होत्या, त्यांना लांबचा प्रवास सोसणारा माल निवडता आला आणि उरलेला देशातल्या बाजारात किंवा आखाती देशांकडे वळवता आला. ज्यांच्याकडे फक्त एकूण टनांचा आकडा होता, त्यांनी सगळाच माल नशिबावर सोडला.

उलट दिशेची माहितीही तितकीच महत्त्वाची आहे, आणि खरेदीदारांच्या फॉर्ममध्ये तिचा उल्लेख कधी नसतो. युरोपातल्या दुकानात विक्री थोडी मंदावली की आयातदार मागणी जरा जास्त कापतो, निर्यातदार आणखी कापतो आणि बागेत काढणी एकदम थांबते. विक्री सुधारली की सगळे उलट्या टोकाला धावतात. साखळीत मागे जाताना चढउतार असा वाढत जातो, त्याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, आणि पुरवठा साखळीचे अभ्यासक हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याच्या कारणांची चांगली मांडणी केली. आपण फवारणीची वही देत असाल, तर त्या बदल्यात दुकानातल्या विक्रीचे साप्ताहिक आकडे मागा. नासाडी कमी करण्याची जबाबदारी दोघांची असेल, तर माहितीही दोन्ही बाजूंनी वाहायला हवी, हे वाटाघाटीत स्पष्ट बोलायला आपले लोक उगाच संकोचतात.

कार्बन उत्सर्जनाच्या रकान्याकडे येतो. वाहतुकीच्या उत्सर्जनाची गणना कशी करावी, यासाठी २०२३ मध्ये आयएसओ १४०८३ हे मानक आले आहे, त्यामुळे विक्रेत्याचे सूत्र त्याला धरून आहे का, हे विचारता येते. पण सूत्रापेक्षा त्यात काय घातले जाते ते पाहा. पिंपळगाव बसवंत ते न्हावाशेवा हे अंतर सुमारे २२५ किलोमीटर, भरलेला ट्रेलर लिटरला ३ किलोमीटर आणि कंटेनरमध्ये १३ टन द्राक्षे, असे समजू. ७५ लिटर डिझेल लागले, आणि एक लिटर डिझेल जाळल्यावर सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोभर द्राक्षांमागे १५ ग्रॅम. आता हाच रीफर बंदराजवळच्या यार्डातून भरण्यासाठी पिंपळगावपर्यंत रिकामा आला, ही गोष्ट जमेस धरा. रिकाम्या फेरीला लिटरमागे साडेचार किलोमीटर धरले तरी आणखी ५० लिटर लागतात आणि आकडा २६ ग्रॅमच्या घरात जातो. त्यात रीफर थंड ठेवण्याचे इंधन अजून धरलेलेच नाही. वाहतुकीच्या कागदांत वाहन क्रमांक असतो, परंतु इंधन नसते आणि मालाशिवाय झालेली फेरी तर नसतेच. म्हणून वाहतूकदाराकडून दोन्ही फेऱ्यांचे डिझेल लिहून घ्या. फॉर्मवरचा आकडा वाढेल, खरा असेल, आणि फेऱ्या कशा जुळवाव्यात याचा विचार तिथूनच सुरू होईल.

ब्लॉकचेनबद्दल थोडक्यात. लिहिलेली नोंद नंतर कोणी गुपचूप बदलू नये, एवढे काम ते करते. मुळात चुकीची लिहिलेली काढणीची वेळ ते बरोबर करत नाही. शिवाय मेर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये सुरू केलेले ट्रेडलेन्स हे जहाज वाहतुकीचे ब्लॉकचेन व्यासपीठ बंद करण्याची घोषणा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये झाली, कारण जगभरच्या उद्योगाचे जे व्यापक सहकार्य हवे होते ते मिळाले नाही. तंत्रज्ञान ठीक असूनही, एका बड्या कंपनीच्या व्यासपीठावर इतरांनी आपली माहिती का ठेवावी, हा प्रश्न शेवटपर्यंत आडवा आला, असे मला वाटते. अडीचशे बागायतदारांनीही तो विचारायला हरकत नाही.

विशेषतः माहिती भरण्याचा भार कोणावर पडतो ते पाहा. फवारणी करून संध्याकाळी घरी आलेला शेतकरी, किंवा बहुतेक वेळा त्याची मुलगी, मोबाईलवर रकाने भरत बसते. आणि ग्रेपनेट, खरेदीदार, प्रमाणपत्र देणारी संस्था यांना तीच माहिती तीन वेगळ्या नमुन्यांत हवी असते. अशा वेळी हंगाम संपताना एका बैठकीत सगळी वही एकहाती भरली जाते. ती दिसते सुरेख, एकाच पेनाने लिहिलेली, पण तिच्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही. एकदा लिहिलेले तिन्हीकडे जाईल अशी सोय विक्रेता करून देत असेल, तर पैसे द्या. चौथा नमुना आणत असेल, तर नको.

येत्या हंगामापुरते मी एवढेच करीन: क्रेटच्या चिठ्ठीवर काढणी, फाटक, प्री-कूलिंगची सुरुवात आणि शेवट अशा चार वेळांची नोंद, प्लॉट क्रमांकासह. महिनाभर त्या साध्या एक्सेलमध्ये भरून कोणता टप्पा सर्वांत लांब आहे ते पाहा, आणि मगच विक्रेत्याला पुन्हा बोलवा. करार करण्यापूर्वी, करार संपल्यास सगळा डेटा आपल्याला उघडता येईल अशा स्वरूपात किती दिवसांत परत मिळेल, हे त्याच्याकडून लेखी घ्या.