उंच खिडक्या असूनही वर्गात अंधार का?

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेची इमारत शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. वर्गांना उंच खिडक्या असूनही दिवसभर दिवे लावावे लागतात. नूतनीकरणात खिडक्या रुंद कराव्यात असे काही सदस्य म्हणतात, तर उन्हाच्या त्रासामुळे काहींना गडद काचा हव्या आहेत. ग्रंथालयात मात्र जुन्या पुस्तकांवर थेट ऊन येते. काय करणे योग्य ठरेल? — एक वाचक

उत्तर : खिडक्यांना हात लावण्याआधी छताकडे पाहावे. नंतरच्या काळात बसवलेल्या फॉल्स सीलिंगमुळे खिडक्यांचा वरचा भाग झाकला गेला आहे का, किंवा वरची तावदाने पत्रा वा प्लायवूड ठोकून अथवा रंग फासून बंद केली आहेत का, हे तपासावे. जुन्या शाळांमध्ये हे सर्रास आढळते आणि माझ्या मते खोलीचे सर्वांत मोठे नुकसान त्यामुळेच होते. ढगाळ आकाश माथ्यावर क्षितिजापेक्षा सुमारे तिप्पट तेजस्वी असते, त्यामुळे खोलीच्या आतपर्यंत पोहोचणारा प्रकाश प्रामुख्याने खिडकीच्या वरच्या भागातून येतो. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत उपयुक्त उजेड पोहोचतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे वरचा काठ ४ मीटर उंचीवर असलेली खिडकी ८ ते १० मीटर खोल वर्ग उजळवू शकते. तोच काठ फॉल्स सीलिंगमुळे २.७ मीटरवर आला की हे अंतर साडेपाच ते पावणेसात मीटरांवर येते आणि मागचे बाक अंधारात जातात.

ही उंची केवळ शोभेसाठी नव्हती. ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) शहरातील नेत्रतज्ज्ञ हेर्मान कोन यांनी १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि शाळेतील अपुरा उजेड व मुलांची अधू होणारी दृष्टी यांचा संबंध युरोपभर चर्चेत आला. त्यानंतरच्या शाळाबांधणीत प्रकाश विद्यार्थ्याच्या डाव्या हाताकडून यावा, हा आग्रह रुजला. उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरांवर पडू नये, हे त्यामागचे कारण. आपल्या वर्गांत फळा मूळ जागीच आहे की नंतर दुसऱ्या भिंतीवर गेला, तेही पाहावे. फळा हलला, बाक फिरले आणि खिडक्या मुलांच्या उजवीकडे किंवा थेट समोर आल्या, तर भरपूर उजेडातही वाचणे-लिहिणे कष्टाचे होते.

प्रत्यक्ष तपासणीसाठी शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून आकाशाचा तुकडा दिसतो का ते पाहावे. तो दिसत नसेल, तर त्या जागी दिवसाचा उजेड अपुराच असणार. मोजमाप हवे असेल तर पूर्ण ढगाळ दिवशी लक्समीटरने (उजेड ‘लक्स’ या एककात मोजणाऱ्या उपकरणाने) बाहेर मोकळ्यावर आणि आत बाकाच्या उंचीवर एकाच वेळी नोंद घ्यावी. बाहेर १०,००० लक्स आणि आत २०० लक्स असतील, तर प्रमाण २ टक्के झाले. याहून कमी असेल तर खोली मंद वाटते आणि हात आपोआप बटणाकडे जातो. समितीच्या बैठकीत मतांपेक्षा असा आकड्यांचा तक्ता ठेवलेला बरा.

खिडक्या रुंद करण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. भिंतीची भार पेलण्याची रचना त्याने बिघडू शकते, दर्शनी भागाचे प्रमाण कायमचे जाते, आणि जास्त काच म्हणजे चांगला उजेड हे समीकरणही खरे नाही. जर्मनीत डेसाऊ येथील बाउहाउस या कला व वास्तुरचनेच्या शाळेच्या १९२६ च्या इमारतीत कार्यशाळांना काचेची अख्खी भिंत दिली गेली. तिथे उन्हाळ्यात उकाडा आणि हिवाळ्यात गारठा हा कायमचा प्रश्न झाला. गडद काच उन्हाबरोबर ढगाळ दिवसाचा उजेडही अडवते, म्हणून उन्हाच्या बाजूला उघडझाप करता येणारे फिकट पडदे लावावेत. भिंती आणि छत पांढरे ठेवावे.

ग्रंथालयाचे गणित वेगळे आहे, कारण कागदाची हानी प्रकाशाची तीव्रता आणि त्याचा काळ या दोहोंच्या गुणाकाराने साचत जाते आणि ती भरून येत नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधील, १६९५ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथालयात वास्तुकार क्रिस्टोफर रेन यांनी आतली जमीन बाहेरून दिसते त्यापेक्षा खालच्या पातळीवर घेतली, त्यामुळे कपाटे खिडक्यांच्या खाली मावली आणि वाचकांना उजेड वरून मिळाला. आपल्याकडे कपाटे खिडकीसमोर असतील तर ती खिडकीच्या भिंतीला काटकोनात फिरवावीत आणि काचांवर अतिनील किरण रोखणारी रंगहीन फिल्म लावावी. दुर्मिळ पुस्तके प्रदर्शनात मांडायची झाल्यास ५० लक्सची मर्यादा पाळावी, आणि वाचनाची टेबले मात्र खिडकीजवळच राहू द्यावीत.

काम सुरू करताना एकाच वर्गातील फॉल्स सीलिंग काढून, वरची तावदाने पुसून, पुन्हा मोजणी करावी. वारसा यादीत इमारत असेल तर त्याआधी संबंधित परवानगी घ्यावी.